चाचणीचा निकाल कोणाला दिसतो?

युरोपीय संघाचा बांधकाम साहित्याविषयीचा नवा विनियम ८ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आणि त्याबरोबर एक जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूचे म्हणणे असे, की सिमेंटच्या गोणीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत प्रत्येक वस्तूमागे ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाने, इतके कागद लावून ठेवले आहेत की लहान कारखानदार मेटाकुटीला आला आहे आणि घरे महाग होण्यामागे हेही एक कारण आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे याच्या उलट आहे. खुल्या बाजाराच्या हट्टापायी प्रत्येक देशाने पिढ्यान् पिढ्या जपलेल्या कसोट्या मोडीत निघाल्या, मालावर युरोपीय संघाचे सीई चिन्ह लावले की कोणताही माल कोणत्याही सीमेपलीकडे जाऊ लागला, आणि त्याची किंमत सामान्य माणसांनी मोजली, असे ही मंडळी सांगतात. दोन्हीकडे कळकळीने बोलणारे लोक आहेत. पण दोघेही एकाच मापाने मोजतात: नियम जास्त की कमी, ब्रुसेल्सचे की आपल्या देशाचे. माझ्या मते हे मापच चुकीचे आहे. सामायिक नियम हवेतच, आणि ते आजच्यापेक्षा सुटसुटीतही करता येतील. पण साहित्याची चाचणी कोणाच्या पैशाने होते, तिचा निकाल कोणाला दिसतो, आणि माल बाजारात गेल्यावर तो पुन्हा कोण तपासतो, या तीन प्रश्नांना हात न घालता केलेला कोणताही बदल, मग तो कडक असो वा सैल, त्या इमारतीत राहणाऱ्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

आधी हे चिन्ह काय सांगते ते पाहू, कारण वादातला अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. खेळण्यावरचे सीई चिन्ह आणि भिंतीत उष्णता अडवायला घालतात त्या काचलोकरीच्या गठ्ठ्यावरचे सीई चिन्ह दिसायला सारखेच असते. खेळण्यावर त्याचा अर्थ असा, की कायद्याने घातलेल्या सुरक्षेच्या अटी ही वस्तू पाळते असे उत्पादक सांगतो. काचलोकरीवर मात्र, २०११ च्या विनियमाखाली, त्याचा अर्थ इतकाच राहिला, की या मालाची कामगिरी ठरलेल्या पद्धतीने मोजली आहे आणि मोजून आलेले आकडे उत्पादकाने जाहीर केले आहेत. गठ्ठ्यावरचे लेबल जवळून पाहिले तर त्यावर उष्णता वाहकतेचा एक आकडा दिसतो, जाडी दिसते, आगीच्या संदर्भात ए१ पासून एफपर्यंतच्या श्रेणींपैकी एखादी श्रेणी दिसते, तपासणी करणाऱ्या अधिसूचित (म्हणजे सदस्य देशाने या कामासाठी नेमलेल्या) संस्थेचा चार अंकी क्रमांक दिसतो आणि कामगिरी-घोषणापत्राचा क्रमांक दिसतो. घोषणापत्रातल्या काही रकान्यांसमोर आकड्याच्या जागी ‘एनपीडी’ ही तीन अक्षरे असतात. कामगिरी निश्चित केलेली नाही, असा त्यांचा अर्थ. त्या देशात त्या गुणधर्माची सक्ती नसेल तर उत्पादकाला हा रकाना असा रिकामा ठेवण्याची मुभा आहे. किमान एका महत्त्वाच्या गुणधर्माची कामगिरी जाहीर केली म्हणजे झाले. हा माल अमुक इमारतीत, अमुक उंचीवर वापरण्यास योग्य आहे, असे हे चिन्ह कुठेच म्हणत नाही. ते ठरवायचे काम त्या त्या देशाच्या बांधकाम नियमांचे, वास्तुविशारदाचे आणि अभियंत्याचे.

ही रचना कोणाच्या निष्काळजीपणातून आलेली नाही. डिसेंबर १९८८ मध्ये बांधकाम साहित्याविषयीचा पहिला युरोपीय निर्देश मंजूर झाला तेव्हाच हे स्पष्ट होते, की विटेचा किंवा सळईचा ‘सुरक्षितपणा’ तिच्यात एकटीत नसतो, तो इमारतीत असतो. लिस्बनमध्ये भूकंपाचा विचार करावा लागतो, हेलसिंकीत बर्फाच्या वजनाचा. म्हणून मजबुती, आग, आरोग्य, वापरातील सुरक्षा, आवाज आणि ऊर्जा या मूलभूत अपेक्षा इमारतीकडून ठेवल्या गेल्या, पुढे २०११ मध्ये नैसर्गिक साधनांचा शाश्वत वापर ही सातवी अपेक्षा आली. साहित्यासाठी फक्त मोजण्याची एक समान भाषा ठरली आणि त्या भाषेत किती गुण हवेत ते प्रत्येक देशाने ठरवायचे असे झाले. मला ही वाटणी मुळात शहाणपणाची वाटते. तिच्यावर टीका करणाऱ्यांनी तिच्याआधी काय होते ते आठवावे. हार्वर्डचे अग्निशास्त्रज्ञ हॉवर्ड एमन्स यांनी भिंतीच्या चोवीस आच्छादनांना सहा युरोपीय देशांच्या आगीच्या चाचण्यांनी दिलेले क्रम शेजारी शेजारी मांडून दाखवले होते. त्या क्रमांचा एकमेकांशी जवळपास काही संबंध नव्हता. एका देशात वरच्या क्रमांकावर असलेला माल दुसऱ्या देशात तळाशी जात होता. आग तर सगळीकडे सारखीच जळते. मग सहा देशांपैकी बरोबर कोण होते? आणि चुकीच्या चाचणीवर विसंबून बांधलेल्या घरांत राहणाऱ्यांना ‘आपली कसोटी कडक आहे’ या समाधानाचा काय उपयोग होता?

आता नियमांच्या ओझ्याबद्दल बोलणाऱ्यांचे म्हणणे घेऊ. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा लहान कारखान्यांचा नाही, त्यांच्यासाठी सवलती आहेत. भक्कम मुद्दा हा, की ही यंत्रणा गोठली आहे. सामायिक मानक युरोपीय मानक संस्थेच्या समित्यांत तयार होते, पण ते युरोपीय आयोगाने अधिकृत राजपत्रात दाखल केल्याशिवाय त्याच्या आधारे सीई चिन्ह लावता येत नाही. गेल्या काही वर्षांत अशी अगदी मोजकी मानके दाखल झाली. सिमेंटचेच उदाहरण घ्या. सिमेंटमधला कार्बन मुख्यतः क्लिंकरमधून, म्हणजे भट्टीत चुनखडी भाजून केलेल्या मूळ घटकातून येतो, म्हणून क्लिंकरचे प्रमाण घटवणे हा उत्सर्जन कमी करण्याचा सर्वांत सरळ मार्ग. २०२१ मध्ये ईएन १९७-५ हे मानक प्रसिद्ध झाले, त्यात क्लिंकर ३५ ते ६४ टक्क्यांपर्यंत खाली आणलेल्या मिश्र सिमेंटला जागा मिळाली. पण राजपत्रात सामायिक मानक म्हणून उभे राहिले ते २०११ चे ईएन १९७-१, आणि नव्या सिमेंटला आडवळणाने, स्वतंत्र मूल्यांकनाच्या किंवा देशोदेशीच्या परवानग्यांच्या वाटेने जावे लागले. याच काळात भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरून क्लिंकर निम्म्यावर आणणारे सिमेंट स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठाने क्युबातील संशोधक आणि भारतातील आयआयटी संस्था यांच्यासोबत विकसित केले, आणि भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये त्यासाठी आयएस १८१८९ हे स्वतंत्र मानक काढले. हवामानबदलावर जगाला उपदेश करणाऱ्या युरोपला स्वतःच्याच समितीने मान्य केलेले सिमेंट सामायिक बाजारात सरळ रस्त्याने विकता येऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि जे उद्योजक त्याबद्दल चिडतात त्यांचा राग रास्त आहे.

पण ही कोंडी का झाली याचा शोध घेतला की ‘नियम कमी करा’ हा उपाय लागू पडत नाही, हेही दिसते. कोंडीचे एक मोठे कारण डब्लिनच्या बॅलिमन भागात बांधलेल्या युवा केंद्राच्या जमिनीखाली होते. जेम्स इलियट या बांधकाम कंपनीने भरावासाठी जी खडी विकत घेतली तिच्यात पायराइट हे गंधकयुक्त खनिज होते. ओलावा आणि हवा लागली की पायराइटचे रूप बदलते, खडी फुगते, आणि तिच्यावरच्या फरशा व भिंती तडकतात. कंपनीने खडी पुरवठादाराला न्यायालयात खेचले आणि आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने काही प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवले. २७ ऑक्टोबर २०१६ च्या निकालात युरोपीय न्यायालयाने सांगितले, की सामायिक मानक खासगी संस्थेच्या समितीत तयार झालेले असले तरी ते युरोपीय संघाच्या कायद्याचा भाग आहे. त्यानंतर आयोग प्रत्येक मानक कायद्याच्या मसुद्यासारखे तपासू लागला, समित्यांना ती शिस्त जमेना, आणि फायली साचत गेल्या. म्हणजे कोंडी नियमांच्या संख्येमुळे झालेली नाही. कायदा करण्याचे काम वर्षानुवर्षे अशा लोकांकडे सोपवले होते ज्यांच्यावर कायदा करणाऱ्याची जबाबदारी नव्हती, आणि एक दिवस न्यायालयाने ती जबाबदारी बोलून दाखवली. नव्या विनियमात मानके रखडली तर आयोगाला स्वतः तांत्रिक नियम ठरवता येतील अशी तरतूद आहे. ती वापरली गेली तर बरे होईल, पण तेवढ्यासाठी चाचण्या आणि घोषणापत्रेच काढून टाका म्हणणे म्हणजे डोके दुखते म्हणून डोकेच काढण्यासारखे आहे.

शिवाय नियम काढले की जागा रिकामी राहत नाही. जर्मनीत तांब्याच्या नळांचे जोड विकणाऱ्या फ्राबो या इटालियन कंपनीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. त्या वस्तूसाठी सामायिक मानक नव्हते. गॅस आणि पाणीपुरवठा क्षेत्रातील एका खासगी जर्मन संघटनेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय व्यवहारात तो माल कोणी घेत नसे, आणि त्या संघटनेने रबरी कड्यासाठी उकळत्या पाण्यातल्या ३,००० तासांच्या चाचणीची अट घातली. तीन हजार तास म्हणजे चार महिन्यांहून अधिक. युरोपीय न्यायालयाला २०१२ मध्ये सांगावे लागले, की जिच्या प्रमाणपत्राला कायदाच वजन देतो ती संघटना खासगी असली तरी मालाच्या मुक्त संचाराचे नियम तिलाही लागू आहेत. ती चाचणी योग्य होती की अवाजवी, हा प्रश्न वेगळा. मुद्दा असा, की सार्वजनिक नियम नसतो तिथे प्रस्थापितांचा नियम चालतो, आणि तो मोडून काढायला लहान कारखानदाराला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ‘लालफीत हटवा’ म्हणणाऱ्यांनी ही दुसरी फीत विचारात घेतली आहे का?

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे राष्ट्रीय कसोट्यांच्या समर्थकांचे म्हणणे मला अधिक गंभीर वाटते, आणि त्यांचा सर्वांत चांगला दाखला जर्मनीचाच आहे. सीई चिन्ह असलेल्या काही वस्तूंवर जर्मनी आपल्या ‘यू’ चिन्हाची, म्हणजे जास्तीच्या राष्ट्रीय पसंतीची, अट घालत असे. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. त्या वस्तूंत खनिज लोकरही होती, आणि तिच्याबाबतीत जर्मनीची तक्रार खरी होती: युरोपीय मानकात ज्वालेची चाचणी होती, पण ज्वाला न दिसता आत आत धुमसत राहण्याची चाचणी नव्हती. छतात किंवा भिंतीच्या पोकळीत धुमसणारी आग अग्निशामक दलाला तासन् तास सापडत नाही. अशा उणिवेकडे बोट दाखवणाऱ्या देशाला ‘तू बाजार अडवतोस’ असे म्हणून गप्प करणे हा न्याय वाटत नाही, हे मी मान्य करतो. बाजाराची दारे उघडण्याची घाई आणि मानक पुरे करण्याची सुस्ती एकत्र आली की त्या दोहोंमधल्या फटीत माणसे राहतात.

तरीही त्या प्रकरणात पुढे काय झाले ते पाहावे. धुमसण्याची चाचणी २०१६ मध्ये ईएन १६७३३ या नावाने युरोपीय मानक म्हणून आली. म्हणजे जर्मनीचे म्हणणे बरोबर होते, आणि ते बरोबर असल्यामुळेच ते सर्वांच्या उपयोगी पडायला हवे होते. धुमसणारी लोकर म्युनिकमध्ये धोकादायक आणि सीमेपलीकडे साल्झबुर्गमध्ये निर्धोक, असे कसे असेल? राष्ट्रीय चिन्हाने जर्मन घर वाचले असते, ऑस्ट्रियन घर तसेच राहिले असते, आणि ज्या अभियंत्यांना उणीव कळली होती त्यांचे ज्ञान एका देशाच्या सीमेत कोंडले गेले असते.

आणि राष्ट्रीय कसोटी कडक असते, हे गृहीत तरी खरे आहे का? लंडनमधील चोवीस मजली ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ च्या पहाटे पेटला आणि ७२ माणसे मेली. या आगीचा दाखला दोन्ही बाजू देतात, पण सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी आयोगाचा ४ सप्टेंबर २०२४ चा दुसरा अहवाल समोर ठेवून फार थोडे बोलतात. त्या अहवालात दिसतात त्या बहुतेक ब्रिटनच्या स्वतःच्या कसोट्या आणि स्वतःच्या संस्था: ‘क्लास झिरो’ नावाची जुनी राष्ट्रीय श्रेणी, जी युरोपीय श्रेणी आल्यानंतरही बांधकामाच्या मार्गदर्शनात चालूच राहिली, बांधकाम साहित्याला प्रमाणपत्रे देणाऱ्या ब्रिटिश अग्रेमॉ मंडळाचे प्रमाणपत्र, ब्रिटिश पद्धतीची भिंतीची मोठी चाचणी. इमारतीवर लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या आत पॉलिथिन होते. सपाट पत्रे रिव्हेटने ठोकले तर त्यांची कामगिरी एक, आणि तेच पत्रे कडा दुमडून पेटीसारखे टांगले तर आगीतली कामगिरी कितीतरी वाईट. पेटीच्या रूपातील या पत्र्याचा खरा धोका उत्पादक आर्कोनिकने २००५ पासून बाजारापासून जाणूनबुजून लपवला, असा निष्कर्ष आयोगाने काढला. पत्र्यांमागच्या फोमची कथाही अशीच. सेलोटेक्सच्या आरएस५००० फोमची २०१४ मधील पहिली मोठी चाचणी अयशस्वी झाली. दुसऱ्या चाचणीत भिंतीच्या रचनेत मॅग्नेशियम ऑक्साइडचे न जळणारे तक्ते घातले गेले, ती चाचणी यशस्वी ठरली, आणि बाजारात मांडलेल्या वर्णनात त्या तक्त्यांचा उल्लेख आला नाही.

इथे क्षणभर थांबावे, कारण माझ्या मते सगळा वाद या एका प्रसंगात सामावला आहे. नियम होता. चाचणी होती, आणि ती प्रत्यक्ष आग लावून पाहणारी, सुमारे आठ मीटर उंचीच्या भिंतीवर केलेली मोठी चाचणी होती. प्रयोगशाळा नामांकित होती. कसोटी देशाची स्वतःची होती, ब्रुसेल्सचा काही संबंध नव्हता. तरी फसवणूक झाली, कारण पहिल्या, अयशस्वी चाचणीचा कागद उत्पादकाच्या कपाटात राहिला आणि तसे करण्याचा त्याला अधिकार होता. चाचणीचे पैसे त्याने दिलेले, म्हणून निकालही त्याचा. परीक्षा विद्यार्थ्याने आपल्या खर्चाने हवी तितक्यांदा द्यावी आणि पास झाला ती एकच गुणपत्रिका दाखवावी, अशी ही व्यवस्था. यात युरोपीय संघाची पद्धत ब्रिटनपेक्षा वेगळी आहे असे समजण्याचे कारण नाही. तिथेही प्रारंभिक चाचणीसाठी प्रयोगशाळा उत्पादक निवडतो, शुल्क उत्पादक देतो, आणि नापास निकाल जाहीर करण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

खासगी तपासणी नेहमीच निकामी असते, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण इतिहास तसे सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात वाफेचे बॉयलर सतत फुटत असत. मँचेस्टरमध्ये १८५४ साली बॉयलर वापरणाऱ्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन तपासणीची संघटना काढली. १८६५ मध्ये मानहाइम येथे एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील बॉयलर फुटला, आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या बॉयलरमालकांनी अशीच संघटना स्थापन केली. आज जगभर प्रमाणपत्रे देणाऱ्या जर्मन ट्यूव संस्थांचे मूळ तिथे आहे. या संघटना खासगी होत्या, पैसे सभासदच देत होते, आणि तरी त्यांचे निरीक्षक कडक होते. का? कारण पैसे देणारा आणि बॉयलर फुटला तर नुकसान सोसणारा माणूस एकच होता. निरीक्षकाने खोटे ‘ठीक आहे’ सांगणे गिरणीमालकाला परवडणारे नव्हते. बांधकाम साहित्यात ही दोन माणसे वेगळी झाली आहेत. पत्र्याच्या चाचणीचे पैसे देणारा त्या पत्र्याआड झोपत नाही. त्यामुळे ट्यूवच्या जन्मकथेतून ‘उद्योगाने स्वतःच नियमन करावे’ असा धडा काढणारे तिचा मुख्य भाग गाळतात.

आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात हीच गोष्ट आगीशिवाय, संथपणे घडली. तिथल्या हजारो घरांच्या बाहेरच्या गिलाव्यावर आधी कोळिष्टकासारख्या बारीक भेगा येतात, मग कोपऱ्यांवर बोट जाईल इतक्या रुंद होतात, आणि गिलावा काढला तर आतला काँक्रीटचा ठोकळा हाताने चुरडता येतो. सुरुवातीला दोष अभ्रकाला दिला गेला. नंतरच्या संशोधनाने पायरोटाइट या दुसऱ्या गंधकयुक्त खनिजाकडे बोट दाखवले. आता कोणी म्हणेल, की मानकात याचा विचार नव्हता म्हणून असे झाले. पण खडीच्या युरोपीय मानकात, ईएन १२६२० मध्ये, पायरोटाइट असलेल्या खडीत एकूण गंधक ०.१ टक्क्याच्या वर नको, ही अट होती. अट लिहिलेली होती आणि डोंगर फोडून खडी काढली जात होती, मधल्या मोजणीची खात्री कोणी करत नव्हते. आयर्लंडने १ जुलै २०१३ पर्यंत सीई चिन्ह ऐच्छिक मानले होते, आणि बाधित घरांपैकी कित्येक त्याआधीच्या भरभराटीच्या काळात बांधलेली. म्हणजे नियम सैल ठेवल्याने घर स्वस्त होते, या म्हणण्याचा हिशेब डोनेगलमध्ये मांडता येतो. त्या कुटुंबांनी २०२१ मध्ये डब्लिनच्या रस्त्यांवर मोर्चे काढले, २०२२ मध्ये भरपाईचा कायदा झाला, आणि खदानीवर वेळीच न केलेल्या तपासणीचे पैसे शेवटी करदात्याने दिले.

माझ्या मुद्द्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही दखल घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की नापास चाचण्या उघड करायला लावल्या तर उत्पादक चाचण्याच कमी करतील, प्रयोग थांबतील, आणि व्यापारी गुपिते फुटतील. औषधांच्या चाचण्यांबाबत हाच आक्षेप घेतला गेला होता. प्रतिकूल निकाल दडवले जातात हे उघड झाल्यावर प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००४ मध्ये जाहीर केले, की सुरू होण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवलेली नसेल ती चाचणी आम्ही छापणार नाही. औषधांवरचे संशोधन त्यामुळे थांबले नाही. कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नवे मिश्रण शंभर वेळा जाळून पाहण्यास कोणाची हरकत नाही. पण अधिसूचित प्रयोगशाळेत, विक्रीसाठीच्या प्रमाणपत्राकरिता केलेली चाचणी सुरू होण्याआधी नोंदवली जावी, आणि निकाल काहीही आला तरी तो नोंदीत राहावा, एवढीच अपेक्षा आहे. ग्रेनफेल आयोगानेही हेच सुचवले: प्रमाणपत्रासोबत त्याला आधार असलेल्या सर्व चाचण्यांचे निकाल जोडावेत आणि उत्पादकाने चाचण्यांचा संपूर्ण इतिहास नियामकाला द्यावा.

दुसरा आक्षेप असा, की मग सरकारनेच सगळ्या चाचण्या का करू नयेत? ब्रिटनच्या आयोगाची शिफारस जवळपास त्याच दिशेची होती, प्रमाणपत्रे नियामकाने स्वतः द्यावीत अशी. सरकारने तो भाग स्वीकारला नाही, कारण जो प्रमाणपत्र देतो त्यानेच त्यावर देखरेख करणे हितसंबंधांच्या संघर्षाला आमंत्रण ठरते. मला सरकारची ही शंका पटते. प्रमाणपत्र चुकले हे मान्य करण्याची वेळ आली की सरकारी खातेही खासगी कंपनीइतकेच सावरासावर करू शकते. त्यापेक्षा चाचणीचे शुल्क एका सामायिक निधीत जमा व्हावे आणि कोणता नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जाईल ते त्या निधीच्या यंत्रणेने ठरवावे. उत्पादकाचा खर्च तोच राहतो, फक्त ‘सोयीची’ प्रयोगशाळा निवडण्याचा मार्ग बंद होतो. सिमेंटच्या बाबतीत याच्या जवळ जाणारी पद्धत आजही आहे: सर्वांत कडक तपासणी वर्गात, ज्याला १+ म्हणतात, अधिसूचित संस्था स्वतः नमुने घेऊन तपासते. सिमेंट उद्योग त्यामुळे बुडालेला नाही. उलट दुसऱ्या टोकाच्या चौथ्या वर्गात सगळे उत्पादकाच्या शब्दावर चालते, आणि कोणता माल कोणत्या वर्गात टाकायचा हा निर्णय सामान्य नागरिकाच्या नजरेआड होतो. वाद घालायचाच असेल तर या वर्गवारीवर घालावा.

मानके मोफत वाचायला मिळावीत, हीदेखील याच मागणीची दुसरी बाजू आहे. ५ मार्च २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने खेळण्यांशी संबंधित मानकांच्या प्रकरणात सांगितले, की सामायिक मानक कायद्याचा भाग असल्याने ते पाहण्यात लोकांचे हित आहे. तरी बांधकामाची बहुतेक मानके आजही विकत घ्यावी लागतात. भारतीय मानक ब्यूरोची मानके आता मोफत उतरवून घेता येतात. याबाबतीत पुण्यातला स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी डोनेगलमधल्या घरमालकापेक्षा सुखी आहे. आपल्या भिंतीतल्या ठोकळ्यात किती गंधक चालते हे वाचण्यासाठी माणसाला पैसे का मोजावे लागावेत?

नव्या विनियमाकडे या दृष्टीने पाहिले तर त्यात काही गोष्टी आशा वाढवणाऱ्या आहेत. प्रत्येक वस्तूची डिजिटल नोंद येणार आहे. हवामानावरील परिणामाची माहिती आधी, आणि पर्यावरणाचे इतर निर्देशांक २०३० व २०३२ पासून टप्प्याटप्प्याने जाहीर करावे लागतील. वस्तूच्या स्वतःच्या सुरक्षेच्या अटीही कायद्यात येऊ शकतील, आणि वापरलेल्या विटा व तुळया पुन्हा बाजारात आणण्याचे नियम ठरतील. जुना २०११ चा विनियम मात्र काही मानकांपुरता २०४० पर्यंत सोबत चालणार असल्याने दोन व्यवस्था दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदतील आणि त्यातून गोंधळ होणार, हे उघड आहे. पण माझी मुख्य चिंता वेगळी आहे. डिजिटल नोंदीत उत्पादकाने जाहीर केलेलेच आकडे उतरणार असतील, आणि एनपीडीच्या रिकाम्या रकान्यांप्रमाणे नापास चाचण्याही अदृश्य राहणार असतील, तर कागदावरचे पीडीएफमध्ये आले एवढाच फरक पडेल. इमारतीच्या बाह्य आच्छादनाच्या आगीसाठी संपूर्ण युरोपात एक मोठी चाचणी अजूनही ठरलेली नाही. जर्मनी, फ्रान्स, स्वीडन यांच्या आपापल्या पद्धती आहेत, आणि सामायिक श्रेणी ज्या चाचणीवर प्रामुख्याने ठरते तिच्यात दीड मीटर उंचीच्या कोपऱ्यात ३० किलोवॉटची ज्योत लावतात, म्हणजे साधारण कचऱ्याची टोपली पेटावी इतकी. खिडकीतून बाहेर झेपावणाऱ्या आगीचा अंदाज त्यावरून बांधायचा, हे किती दिवस चालणार?

ब्रिटनने संघाबाहेर पडून वेगळे चिन्ह काढण्याचा प्रयत्न केला, तोही या वादात नीट अभ्यासला जात नाही. यूकेसीए हे चिन्ह २०२१ पासून आले, सीई चिन्हाची मान्यता संपवण्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली, कारण काही वस्तू तपासायला देशात पुरेशा प्रयोगशाळाच नव्हत्या, आणि अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने बांधकाम साहित्यासाठी सीई चिन्ह ३० जून २०२५ नंतरही चालेल असे सांगितले. चिन्ह आपले असले म्हणजे तपासणीची ताकद आपोआप येत नाही. ती प्रयोगशाळांत, निरीक्षकांत आणि खदानीवर नमुना घ्यायला जाणाऱ्या माणसाच्या पगारात असते.

म्हणून पुढच्या वर्षभरात पाहण्यासारखी गोष्ट ब्रुसेल्समध्ये नाही, ती सदस्य देशांच्या अर्थसंकल्पात आहे. नव्या विनियमातील दंडाच्या तरतुदी ८ जानेवारी २०२७ पासून लागू होतील आणि त्या प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात आणायच्या आहेत. दंड किती ठेवला यावर वर्तमानपत्रांत मथळे येतील. पण बाजारातून किती नमुने उचलले, त्यांपैकी किती घोषणापत्राशी जुळले नाहीत आणि कोणत्या मालाचे, हे दर वर्षी नावानिशी प्रसिद्ध करण्याची सक्ती कोणता देश स्वतःवर घालतो, आणि त्या कामासाठी बाजार-निगराणी खात्यात किती जागा भरतो, हे आकडे विचारायला हवेत. नियमांच्या ओझ्याची तक्रार करणाऱ्यांनीही आणि राष्ट्रीय कसोट्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही.